शास्त्र कोणी शिकावे?

‘शास्त्राचे काय ते पाळकसाहेबांनी पाहावे, आपण आपला विश्वास ठेवावा, रविवारी उपासनेस जावे, चांगले वागावे, म्हणजे झाले.’ हे उद्गार आम्ही आज वीस वर्षे पालकांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. मुलाच्या गणिताची चौकशी करण्यास आलेले गृहस्थ रविवारच्या शास्त्रवर्गाकडे वळले, की बहुधा याच वाक्यावर येऊन थांबतात. मुलगा दहावीत असला तर पुढे एक पुरवणीही जोडतात, की यंदा तो तास शिकवणीस दिला तर चालेल काय? या बोलण्यात अश्रद्धा नसते. उलट त्यात एक प्रकारची नम्रताच असते. आपण साधी माणसे, एवढे खोल पाणी आपल्यास कशाला, असा तिचा भाव असतो. नम्रता चांगली, परंतु नम्रतेच्या पोटी मनुष्य पुष्कळदा आपल्या हक्काची वस्तूही दुसऱ्याच्या स्वाधीन करून बसतो, म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे वाटते.

या वार्षिकाचे पुष्कळ वाचक ख्रिस्ती नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. परंतु हा प्रश्न त्यांसही परका नाही. आमच्या भागात ज्या घरी ज्ञानेश्वरीचे पारायण चालते त्या घरच्या मंडळींस हे सांगावयास नको, की ज्ञानदेवांनी १२९० साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, तो पंडितांची सोय व्हावी म्हणून नव्हे. देव कोण, त्याचे व मनुष्याचे नाते काय, पवित्र ग्रंथातील वचनाचा अर्थ कसा लावावा, या विचारास आमच्याकडे ईश्वरविज्ञान म्हणतात. नाव जड आहे. वस्तू तेवढी जड नाही. ती घरोघर असतेच. प्रश्न एवढाच, की घरात आहे ती चांगली आहे की वाईट. हे आम्ही कोठे पाहिले ते आता सांगतो.

आमचे गाव कवठे महांकाळ. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा तालुका अवर्षणाचा. पाऊस ओढ देईल त्या वर्षी अग्रणीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक. येथे ख्रिस्ती घरे थोडी. कोणाच्या तरी सोप्यात सतरंजी अंथरली जाते आणि उपासना होते. काही वर्षांपूर्वी यांपैकी एका घरचे सहा वर्षांचे मूल तापाने गेले. उपचारांत कसूर नव्हती. मिरजेस नेले होते, बापाने स्वतःचे रक्त दिले होते, रात्र-रात्र प्रार्थना झाल्या होत्या. चौथ्या दिवशी बाहेरगावचे एक उपदेशक सांत्वनास आले. त्यांनी डोळे मिटून मोठी प्रार्थना केली आणि मग आईसमक्ष सांगितले, की घरात कोणाचे तरी लपलेले पाप असले पाहिजे, नाहीपेक्षा प्रार्थनेत विश्वास उणा पडला असला पाहिजे; विश्वास पुरा असता तर मूल उठून बसले असते.

ते गृहस्थ चहा घेऊन निघून गेले. ते वाक्य मात्र घरात राहिले. ती माउली आपले सारे आयुष्य उलटेपालटे करून ते पाप शोधू लागली. सासूस कधीकाळी बोललेला एक कडू शब्द, चुकलेले दोन रविवार, बाळंतपणात शेजारणीच्या आग्रहाने बांधू दिलेला एक गंडा, असे एकेक काढून ती पाही आणि यानेच माझे लेकरू गेले काय, असे विचारी. प्रार्थनेस ती डोळे मिटीना. जो देव एका गंड्यासाठी लेकरू नेतो त्याच्यापुढे डोळे मिटावयास तिला भय वाटू लागले होते.

उपदेशकांनी सांगितले तेही ईश्वरविज्ञानच होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. देव कसा आहे, दुःख का येते, प्रार्थना म्हणजे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्या दोन वाक्यांत देऊन टाकली होती. ‘आम्हांस शास्त्र नको, विश्वास पुरे’ असे जे म्हणतात, त्यांच्या घरी शास्त्र येतच नाही असे नाही. ते असे न विचारता येते, आणि तपासून घेण्याचे साधन घरात नसते.

त्याच आळीत एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण चौथी, बालपण मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात गेलेले. त्या रोज संध्याकाळी त्या घरी जाऊन बसत, जोंधळे निवडू लागत, आणि काही बोलत नसत. असे कित्येक दिवस गेले. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, ‘पोरी, त्या ईयोबाचे सोबती सात दिस गप बसले हुते, तवर बरे हुते. तोंड उघडलं आन् चुकले. देवानं शेवटाला राग कुणावर केला? ईयोबावर न्हाई, त्या शहाण्यांवर.’ त्यानंतर त्यांनी जन्मांध मनुष्याची गोष्ट सांगितली, की शिष्य पाप कोणाचे म्हणून विचारीत होते, आणि प्रभूने तो हिशोबच मोडून काढला. मग शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चेंगरली ती काय इतरांपेक्षा अधिक पापी होती, असे प्रभूने लोकांस विचारले तेही सांगितले. तीन गोष्टी, जुन्या करारातील एक, योहानातील एक, लूकातील एक. सुपातले जोंधळे संपावयाच्या आत त्या उपदेशकांच्या दोन वाक्यांचे उत्तर झाले.

ती आई त्या दिवसापासून बरी झाली असे आम्ही लिहिणार नाही. मूल गेलेली आई बरी होत नसते. परंतु तिने पाप शोधणे सोडले. पुढे काही महिन्यांनी ती उपासनेस येऊन दाराजवळ बसू लागली.

आजींना ही तीन स्थळे नेमकी कशी सुचली, याचे आम्हांस मोठे कुतूहल होते. त्या म्हणाल्या, बोर्डिंगातल्या बाई दर शनिवारी गोष्टी पाठ म्हणून घेत, आणि नुसत्या म्हणून घेत नसत, ‘मग देव कसा ठरला?’ असा प्रश्न प्रत्येक गोष्टीच्या शेवटी विचारीत. त्या बाईंना कोणा पाळकांनी शिकविले असेल, त्या पाळकांना कोणा अध्यापकांनी. आणि त्या साऱ्यांच्या मागे कोणी एक मनुष्य इब्री कोश पुढे घेऊन ईयोबाच्या कठीण ओळींशी झगडत बसला असेल. कृष्णेचे पाणी म्हैसाळहून आमच्या शिवारात येते ते एका उडीत येत नाही. पंपांनी उचलून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर चढवावे लागते, आणि शेवटच्या वावरात दारे धरणाऱ्यास पहिले पंपघर दिसतही नाही. म्हणून ते नाहीच असे कोणी म्हणत नाही. वीज गेली की लगेच कळते.

हे टप्पे बांधणारी माणसे आपल्याच भाषेत होऊन गेली आहेत, आणि त्यांपैकी दोघांची हकीकत तरी आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच वारले. साष्टीतील ख्रिस्ती मुलांस ते प्रश्नोत्तरावली शिकवीत. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी असा प्रसंग वर्णिला आहे, की हे शिक्षण चालले असता एका ब्राह्मण ख्रिस्ती गृहस्थाने त्यांस विनविले: ही शिकवण चांगली खरी, परंतु आम्हांस आमच्या भाषेत पुराणासारखे काही द्याल तर मन भरेल. या विनंतीच्या मागे एक दुःखद इतिहास आहे, तो आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. त्या काळी गोव्यातील नवख्रिस्ती लोकांपासून त्यांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती, आणि रिकाम्या जागेची ही भूक होती. १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचा तो ग्रंथ छापला गेला. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा, आणि तीत पेरलेला सारा सिद्धांत, ज्ञानदेवांच्या ओवीत. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की मागणी विद्वानांनी केली नाही. खाली बसलेल्या श्रोत्याने केली. पाठ केलेले उत्तर त्यास पुरेना.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी अधिक लिहावेसे वाटते, कारण त्यांच्या चरित्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू येतात. १८५८ साली जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलींना संस्कृत शिकविण्याचे त्या काळचे अक्षम्य धाडस केले. दुष्काळात आईबाप व बहीण गमावून रमाबाई भावासह देशभर पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ज्या मठवासिनी भगिनींच्या आश्रयास त्या होत्या, त्यांच्याशी रमाबाईंनी ख्रिस्ताचे देवत्व, त्रैक्य, मंडळीचा अधिकार, अशा विषयांवर पत्रांतून वाद घातला. तुम्ही सांगता म्हणून मानीन असे त्यांचे म्हणणे नव्हते. शास्त्रात दिसेल आणि सदसद्विवेकास पटेल तेव्हा मानीन, असे होते. ही पत्रे १९७७ साली ग्रंथरूपाने छापली गेली आहेत. घर नाही, पैसा नाही, कडेवर लहान मुलगी, आणि आश्रयदात्यांशी सिद्धांतांवर वाद! आमच्या वर्गातील मुलींनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले.

तथापि याच रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली तीत म्हटले आहे, की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपणास ख्रिस्ती धर्म गवसला होता, परंतु स्वतः ख्रिस्त गवसला नव्हता. एवढ्या वाचनाने, एवढ्या वादाने जे हाती आले नाही ते त्यांस पुढे मिळाले. येथपर्यंत ऐकून आमचे पालक म्हणतील, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो काय, की विद्येने काही होत नाही! परंतु चरित्र येथे संपत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली. शेकडो मुली व स्त्रिया रडत, गात, प्रार्थना करीत होत्या. परदेशांतून लोक ते पाहण्यास येत. आणि त्याच सुमारास त्या सदनाची आई काय करीत होती? इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास. पन्नाशीकडे झुकलेली, हजारोंचा संसार डोक्यावर घेतलेली, कानाने अधू होत चाललेली ती बाई मूळ भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणण्यास बसली होती. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते आणि खेड्यातील बाईस ते कळत नसे, ही तिची तक्रार. ज्या विदुषीला संस्कृत मातृभाषेसारखे येत होते तिनेच ते टाळून साधे शब्द वेचले. काम पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सदनाच्याच छापखान्यात त्यांच्या मुलींच्या हातून छापलेले ते बायबल १९२४ साली बाहेर पडले. ख्रिस्त गवसल्यावर त्यांनी विद्या टाकली नाही. तिचे तोंड खेड्यातील बाईकडे फिरविले.

आणखीही नावे सांगता येतील. ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघालेले आणि १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले नीळकंठशास्त्री गोरे. त्यांना जन्मभर शंकांनी सोडले नाही आणि त्यांनीही शंकांमुळे प्रार्थना सोडली नाही. नगरच्या ईश्वरविज्ञानाच्या पाठशाळेत शिकविणारे आणि तेथेच आपली भजने रचणारे रेव्हरंड टिळक. परंतु आपण आमच्या गावी परत येऊ.

एका घरी, तेही द्राक्षबागाईतदाराच्या घरी, योहानाचा पंधरावा अध्याय वाचला जात होता. द्राक्षवेल आणि फाटे यांचा. पाळकांच्या गैरहजेरीत दोन शब्द सांगण्याचे काम आमच्याकडे होते. फळ न देणाऱ्या फाट्याचे माळी काय करतो, तेथे ग्रीक क्रियापद ‘आयरो’ आहे. त्याचा अर्थ काढून टाकणे असा होतो, आणि उचलणे असाही होतो. बहुतेक भाषांतरकार पहिला अर्थ घेतात. काही अभ्यासक म्हणतात, की खाली लोळणारा फाटा माळी उचलून बांधतो असा अर्थ घ्यावा. आम्ही हे सांगितले आणि घरधन्यास विचारले, तुम्ही काय करता? ते म्हणाले, ‘सर, दोन्ही करतो. फेलफूट असली तर काढतोच, न्हाईतर ती फुकट रस खाती. पण चांगली काडी खाली आली असंल तर उचलून तारंला बांधतो. ती काडी कुठली आणि वेळ कुठली, ह्यावर हाय.’ पुढे जळण्यास टाकलेल्या फाट्यांचा उल्लेख आहे, त्यावरून आम्हांस पहिलाच अर्थ अधिक संभवनीय वाटतो, आणि तसे आम्ही सांगितलेही. परंतु ‘वेळ कुठली’ हा प्रश्न कोणत्याही टीकाग्रंथात आम्हांस इतक्या साध्या शब्दांत भेटला नव्हता.

त्याच वचनात दुसरी एक गोष्ट आहे, ती मराठीतून सहज दिसत नाही. फळ देणाऱ्या फाट्याची माळी छाटणी करतो, तेथील ग्रीक शब्द, आणि लगेच पुढे शिष्यांस ‘शुद्ध’ म्हटले आहे तेथील शब्द, हे एकाच मुळापासून निघालेले आहेत. म्हणजे शुद्ध झालेला शिष्य हा छाटणी झालेला वेल आहे. हे ऐकून ते गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. त्या वर्षी अवकाळी पावसाने त्यांचे घड मण्यांसकट फुटले होते व कर्ज तसेच राहिले होते. मग त्यांनीच आम्हांस समजावून सांगितले, की एप्रिलची खरड छाटणी झाली म्हणजे बाग मेल्यासारखी दिसते. नवख्या माणसास रडू येईल. परंतु त्या छाटणीनंतर जी कोवळी काडी निघते तिच्या डोळ्यांत पुढल्या घडांची घडण तेव्हाच होऊन बसते. ऑक्टोबरात आपण फक्त ती बाहेर बोलावतो. ग्रीक शब्द आम्ही नेला होता. छाटणी त्यांची होती. दोहोंपैकी एक नसते तर त्या संध्याकाळी त्या सोप्यात जे घडले ते घडले नसते, असे आमचे मत आहे.

विद्येचा गर्व ही गोष्ट आहेच; ती नाकारण्यात अर्थ नाही. म्हाताऱ्या बाईच्या प्रार्थनेतील व्याकरण सुधारणारे पदवीधर आम्ही पाहिले आहेत. चौथ्या शतकात निसाचे ग्रेगरी यांनी कॉन्स्टँटिनोपलच्या लोकांविषयी तक्रार केली होती, की पावाचा भाव विचारावा तर दुकानदार पिता पुत्राहून थोर की नाही ते सांगू लागतो! पाव मिळाला पाहिजे, हे ग्रेगरींचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. परंतु आमच्या मंडळ्यांत त्या दुकानदाराचा रोग आज दिसत नाही. आज रोग उलट आहे.

गेल्या वर्षी नववीतील एक ख्रिस्ती विद्यार्थी खालमानेने आमच्याकडे आला. त्याच्या मुसलमान मित्राने डब्याच्या सुट्टीत अगदी निर्मळ मनाने विचारले होते, देव एक म्हणता, मग तीन कसे? घरी विचारले तर आजोबा म्हणाले, असले प्रश्न काढू नयेत. आम्ही त्यास प्रथम हे सांगितले, की तुझ्या मित्राचा प्रश्न चांगला आहे आणि त्याबद्दल त्याचे आभार मान. मग सांगितले, की ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलात कोठेच नाही. पहिले शिष्य एका देवाला मानणारे यहूदी होते, तरी ते येशूस हाक मारून प्रार्थना करू लागले होते. मग आपण कोणाची प्रार्थना करीत आहोत, हा प्रश्न त्यांस व त्यांच्या नातवंडांस टाळता येईना. त्यासाठी ३२५ साली आजच्या तुर्कस्तानातील नायसिया येथे मोठी सभा भरली. २०२५ साली तिला १७०० वर्षे झाली. सिद्धांत आधी आणि प्रार्थना मागून, असे झाले नाही. प्रार्थना आधी होती. पुरते उत्तर कोणासच आलेले नाही. परंतु कोणती सोपी उत्तरे चुकीची आहेत, हे त्या लोकांनी फार कष्टाने शोधून ठेवले आहे. मुलाने मित्रास एवढे नेऊन सांगितले. दोघे अजून एकत्र डबा खातात, आणि मित्राच्या प्रश्नांची संख्या वाढली आहे.

आजोबांना आम्ही दोष देत नाही. त्यांना कोणी ‘मग देव कसा ठरला?’ असे लहानपणी विचारले नव्हते.

आता शास्त्रवर्गाविषयी पालकांस दोन शब्द. वर्ग रविवारी उपासनेनंतर पाऊण तास असतो. दहावीच्या मुलांचे गणित त्या पाऊण तासाने बुडत नाही. तसे वाटल्यास सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही ते भरून देऊ. वर्गात पालकांनीही बसावे, अन्य धर्मांच्या पालकांनी तर अवश्य बसावे; त्यांचे प्रश्न आमच्या प्रश्नांपेक्षा बरे असतात. ईयोबाचे पुस्तक घ्यावयाचे ठरले आहे, परंतु एप्रिलअखेरपर्यंत निम्मी घरे बेदाण्याच्या शेडवर असतात, तेव्हा आरंभ जूनमध्ये होईल. पहिले दोन अध्याय, म्हणजे सोबती गप्प बसतात तेथपर्यंत, आजी स्वतः सांगणार आहेत. उरलेले चाळीस त्यांनी आमच्याकडे लावले आहेत.